धडगावला जायचं, पण राजीनामा देऊनच?

पत्र (थोडं संक्षिप्त करून)

ताई, मी ३३ वर्षांचा. मूळ गाव साक्री तालुक्यात. सात वर्षांपासून धुळ्यात एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. आवक-जावक, रजेचे अर्ज, देयकं, स्मरणपत्रं. संध्याकाळी घरी येताना आज आपल्या हातून कुणाचं काय भलं झालं, हे आठवायला जातो आणि काहीच सापडत नाही. गेले दोन उन्हाळे रजा टाकून मी धडगाव तालुक्यात एका संस्थेबरोबर राहिलो. वनहक्काच्या दाव्यांचं त्यांचं काम आहे. एका म्हाताऱ्या बाबांचा दावा मी नीट लिहून दिला, तर त्यांनी बराच वेळ माझा हात सोडलाच नाही. आता संस्था मला कायमचं बोलावते आहे. मानधन २० हजार, प्रकल्प दोन वर्षांचा. सध्या हातात ३८ हजार येतात. देवपुरातल्या फ्लॅटचा हप्ता साडेअकरा हजार. बायको विनाअनुदानित शाळेत शिकवते, मुलगी चार वर्षांची. आप्पा म्हणतात, “नोकरी सोडस का रे? येड लागनं का तुले?” बायको म्हणते, “तुमची इच्छा.” साने गुरुजींनीही नोकरी सोडलीच होती ना? मी काय करू?

– आपला एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर

प्रिय भाऊ,

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. राजीनामा यंदा देऊ नका. धडगावला मात्र नक्की जा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते त्या बाबांनी. त्यांनी तुमचा हात धरून ठेवला, तो तुम्ही काय केलंत म्हणून? तुम्ही एक अर्ज लिहिलात. रकाने भरलेत, जोडपत्रं लावलीत, सही-अंगठा कुठे ते दाखवलंत. धुळ्याच्या टेबलावर तुम्ही सात वर्षं जे करताय तेच, फक्त समोर माणूस होता आणि त्याची जमीन त्या कागदावर होती. वनहक्काचा कायदा २००६ चा, नियम २००८ चे, त्यात २०१२ मध्ये सुधारणा झाली. आदिवासी कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसलेली जमीन दाखवायची, जास्तीत जास्त ४ हेक्टर. नियमांत सांगितलेल्या पुराव्यांपैकी किमान दोन लागतात, आणि त्यांत गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा धरला जातो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दाव्याच्या फाइलमध्ये वनखात्याच्या दंडाची एखादी जुनी पावती असते आणि बाकी कोरं. जबाब तर शेजारच्या आजोबांच्या तोंडात असतो, तो कागदावर आणायला कुणी नसतं. तुम्ही तो आणलात. मन लावून काम करणारी माणसं संस्थांना मिळतात. फाइल कुठे अडते आणि का अडते हे आतून माहीत असलेला माणूस क्वचित मिळतो. त्यांनी तुम्हाला बोलावलं ते म्हणूनच, असं मला वाटतं.

आता हाच कागद पलीकडच्या बाजूने बघा. दावा ग्रामसभेचा ठराव घेऊन प्रांताच्या पातळीवरच्या समितीकडे जातो, तिथून जिल्ह्याच्या समितीकडे. दावा नाकारला किंवा त्यात फेरफार केला, तर तो निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा आणि कळवल्यापासून ६० दिवसांत त्याला दाद मागता येते, असं नियम सांगतो. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याची कितीतरी घरं मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. घराला कडी, अंगणात एखादी म्हातारी. पत्र अशा वेळी पोहोचलं तर काय होईल? जावक नोंदवहीत क्रमांक पडेल, फाइलवर ‘कळविले’ असा शेरा येईल. त्या घरचा माणूस होळीला परत येईल तेव्हा मुदत गेली असं त्याला कुणीतरी सांगेल, आणि ते खरं आहे की नाही हे विचारायचं कुणाला हेही त्याला कळणार नाही. पण तेच पत्र हाती घेतलेल्या लिपिकाला ऊसतोडीचं वेळापत्रक माहीत असेल, पाड्यावरच्या माणसाला व्यक्तिशः कळवणं म्हणजे काय हे त्याने मनाशी धरलेलं असेल, तर तो पोच घेतल्याशिवाय तो शेरा लिहिणार नाही. जमीन राहते की जाते, हे अशा एका शेऱ्यावर येऊन ठेपतं. दिवसभरात कुणाचं भलं झालं हे तुम्हाला सापडत नाही असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या सध्याच्या टेबलावर ते खरंच नसेल, ते मी नाकारत नाही. रजेच्या अर्जांत फारसं काही दडलेलं नसतं. पण सरकारात टेबलं सगळी सारखी नाहीत.

म्हणून पहिला विचार बदलीचा करा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता. आज तिथल्या अक्राणी (म्हणजे आपला धडगाव तालुका) आणि अक्कलकुव्यात जायचं म्हटलं की आपली बहुतेक माणसं ओळखी काढून नाव रद्द करायला धावतात. तुम्ही स्वतःहून नाव द्या. तहसील, प्रांत कार्यालय, तळोद्याचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, यांपैकी कुठे तुमच्या संवर्गाचं पद आहे ते बघा. प्रतिनियुक्ती मिळते का, तेही विचारा. आदिवासी भागातल्या नेमणुकीला एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते, ती तुम्हाला लागू होते का याचीही चौकशी करा. एक गोष्ट मात्र अर्ज करण्याआधी आस्थापना शाखेतून लेखी समजून घ्या: तुमचा संवर्ग जिल्ह्याचा आहे की विभागाचा. जिल्हा बदलून जाताना ज्येष्ठता शून्यावर येऊ शकते, आणि तो घाव आत्ता जाणवला नाही तरी पदोन्नतीच्या वेळी जाणवतो.

बदली होईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. १९७९ चे वर्तणूक नियम तुम्हाला बाहेर पगार घेऊ देत नाहीत, पण कार्यालयीन काम न बिघडवता सामाजिक स्वरूपाचं मानद काम करायला मोकळीक देतात. त्यातही जपून. समितीपुढे दावेदारांची बाजू मांडायला उभे राहू नका, ते काम संस्थेच्या माणसाचं. तुम्ही पाड्यावरच्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना नोटीस वाचायला शिकवा, पोच कशी घ्यायची ते दाखवा, दाव्यांची नोंदवही कशी ठेवायची ते दाखवा. पुढे वनहक्काच्याच टेबलावर नेमणूक झाली, तर त्या दिवसापासून संस्थेच्या कामातून बाजूला व्हा. दोन्हीकडे पाय ठेवलात तर दावेदारांचंच नुकसान होईल.

तुम्ही डोंगर पाहिलात तो उन्हाळ्यात. शहाद्याच्या पुढे घाट चढून गेलात, मोहाच्या झाडाखाली बैठक झाली, लोक ऊसतोडीहून परतलेले होते, रात्री उघड्यावर गप्पा झाल्या. ते सगळं खरं आहे आणि सुंदर आहे. आता श्रावणात जा. नाल्यांना पाणी असतं, गाडी रस्त्यातच सोडून चालावं लागतं, मोबाइलला रेंज नाही, चार-चार दिवस पाऊस थांबत नाही. मग दिवाळीनंतर पुन्हा जा, जेव्हा बैठकीला कोरम भरेल एवढी माणसंही पाड्यावर नसतात आणि संस्थेचा कार्यकर्ता एकटा बसून अहवाल लिहितो. आणखी एक. तुम्हाला अहिराणी येते, ती बाजारात चालते. पण पाड्यावरच्या आजीशी पावरीत किंवा भिलीत बोलावं लागतं. ती भाषा शिकायला घेतली आहे का, याबद्दल पत्रात काही नाही. नोकरी सोडायची की नाही, यापेक्षा हे आधी सुरू करता येण्यासारखं आहे, आणि तुमची ओढ किती खोल आहे हेही त्यातून तुम्हालाच कळेल.

संस्थेबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंत. दोन वर्षांचा प्रकल्प म्हणजे दोन वर्षांनी काय, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर विचारायला लाजू नका. चांगल्या संस्था या प्रश्नाने दुखावत नाहीत. पैसा कुठून येतो ते विचारा. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून येत असेल, तर तो बहुधा वर्षा-दोन वर्षांच्या मुदतीने येतो आणि कंपनीचा विषय बदलला की थांबतो. परदेशी देणगीतून येत असेल, तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातला २० टक्क्यांहून जास्त भाग प्रशासकीय खर्चावर टाकता येत नाही, आणि त्याचा ताण शेवटी कार्यालयातल्या माणसांच्या मानधनावर येतो. भविष्य निर्वाह निधी कापतात का? अपघात विमा आहे का? तिथल्या रस्त्यांवर दुचाकीने फिरणाऱ्या माणसाला तो हवाच. पाच वर्षांहून अधिक टिकलेले कार्यकर्ते किती आणि जे गेले ते का गेले? गेलेल्यांपैकी एखाद्याशी स्वतः बोला. आणि तिथेही तुमच्या वाट्याला कागदच येणार आहेत हे धरून चला: तिमाही अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र, बैठकीच्या सह्या, फोटो, व्हाउचर. फायलींचा कंटाळा आला म्हणून जाणारा माणूस तिथे वर्षभरात पुन्हा कंटाळतो. तुम्ही तसे आहात असं मी म्हणत नाही. पण पत्रात कार्यालयाच्या थकव्यावर जितकं आलंय, तितकं धडगावच्या कामावर आलेलं नाही.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात मनापासून बोलायचं आहे, ते. तुमच्या पत्नी.

पत्रात त्यांना दोन वाक्यं मिळाली आहेत. एक, त्या विनाअनुदानित शाळेत शिकवतात. दोन, त्या म्हणतात, “तुमची इच्छा.” भाऊ, आपल्याकडे बाई ‘तुमची इच्छा’ म्हणते तेव्हा तो होकार नसतो. बोलून उपयोग होईल असं तिला वाटेनासं झालेलं असतं, किंवा नाही म्हटलं तर आयुष्यभर तिच्यामुळे तुमचं स्वप्न राहून गेलं असं ऐकावं लागेल याची तिला भीती असते. आणि जरा विचार करा. कमी पैशांत, ज्यात अर्थ वाटतो ते काम करणारं माणूस तुमच्या घरात आधीपासून आहे. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांना किती मिळतं हे खानदेशात कुणाला सांगायला नको. वीस टक्के अनुदानाचा टप्पा, मग चाळीस, प्रत्येक टप्प्यासाठी आंदोलनं, मुंबईच्या वाऱ्या, आणि तरी सकाळी साडेसहाला डबा भरून शाळेत हजर. त्या हे करू शकल्या, कारण दर महिन्याला तुमचा पगार येत होता. तुम्ही बाहेर पडलात, तर २० हजारांतून साडेअकरा हजारांचा हप्ता गेल्यावर साडेआठ हजार उरतात. मग पहिला प्रश्न त्यांच्या शाळेवर येईल. जास्त पगाराचं काहीतरी बघ, असं तुम्ही तोंडाने म्हणणार नाही, परिस्थिती म्हणेल. एका माणसाच्या समाधानासाठी दुसऱ्याचं समाधान मोडावं लागत असेल, तर तो हिशोब दोघांनी समोरासमोर बसून करायला हवा.

म्हणून त्यांना सोबत घेऊन धडगावला जा. पाहुणी म्हणून नाही. चार दिवस राहा, मुलीलाही न्या. आणि परत आल्यावर ‘मी जाऊ का’ असं विचारू नका. ‘तुला काय करायचं आहे’ हे विचारा. मुलगी आता चारची आहे, दोन वर्षांत पहिलीला जाईल. त्या वेळी तुम्ही तिघं कुठे राहणार? तुम्ही वर डोंगरात आणि त्या देवपुरात, असं तुमच्या मनात असेल तर ते आत्ताच बोला. कदाचित त्यांना तिकडच्या आश्रमशाळेत शिकवायचं असेल. कदाचित अजिबात नसेल. मला माहीत नाही, आणि पत्रावरून वाटतं की तुम्हालाही नाही.

आप्पांवर रागावू नका. ‘येड लागनं का तुले’ हे त्यांच्या तोंडून निघालं, त्यामागे कापूस आणि कांदा आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कैऱ्या पोखरल्या, ते साल कापूस लावणारं कुठलं घर विसरलं असेल? कांद्याचा भाव एका आठवड्यात कुठून कुठे जातो हे साक्री-पिंपळनेरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अशा घरात मुलाचा पगार हे पाऊस न विचारता येणारं एकच पीक असतं. त्यांना वनहक्काचं महत्त्व समजावून सांगायची गरज नाही, जमीन कसणाऱ्या माणसाला ते तुमच्या-माझ्याहून लवकर कळतं. त्यांना भीती वेगळीच आहे: उद्या आजारपण आलं तर काय? त्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर द्या. घरखर्चाचे दहा-बारा महिने भागतील एवढी रक्कम बँकेत, सगळ्यांचा आरोग्य विमा, हप्त्याची सोय. हे दाखवता आलं, तर आप्पांचा आवाज खाली येईल. आणि दाखवता येत नसेल, तर त्यांचं म्हणणं आज तरी बरोबर आहे.

साने गुरुजींचं तुम्ही लिहिलंत, त्यावरही बोलते, कारण अमळनेरचं नाव निघालं की आपल्या सगळ्यांचा ऊर भरून येतो आणि मग नीट विचार होत नाही. गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. खरं आहे. ते अविवाहित होते, त्यांच्या मागे फ्लॅटचा हप्ता नव्हता, हे तर झालंच. पण मला दुसरंच आठवतं. त्या सहा वर्षांत ते छात्रालयात मुलांबरोबर राहिले. मुलांची आजारपणं काढली, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढलं. नोकरीत जीव नव्हता म्हणून ते गेले नाहीत. होता तेवढा जीव त्यांनी त्या नोकरीत ओतला आणि मग देशाची हाक आली तेव्हा उठले. तुम्हाला त्यांचं १९३० साल दिसतंय. त्याआधीची सहा वर्षं बघा.

राजीनाम्याचे नियम तुम्हाला ठाऊक असतील, तरी लिहिते, कारण भरात असताना माणूस नेमकं तेच वाचत नाही. २० वर्षांची सेवा झाल्याशिवाय स्वेच्छानिवृत्ती नाही, त्यामुळे तुमच्यापुढे थेट राजीनामाच आहे, आणि राजीनाम्याने मागची सेवा जाते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले असल्याने तुम्ही राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असणार. मुदतीआधी बाहेर पडलं की त्यातली मोठी रक्कम ॲन्युइटीत, म्हणजे हप्त्याहप्त्याने पेन्शन देणाऱ्या योजनेत अडकते, हातात थोडीच येते. तिच्या भरवशावर पहिली दोन वर्षं काढू, असा विचार असेल तर तो सोडा. परतायचं झालं तर पुन्हा स्पर्धा परीक्षा. वयाची मर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. तुम्ही ३३ चे आहात, म्हणजे ते दार अजून काही वर्षं किलकिलं आहे, पण आत शिरायचं ते अगदी तळापासून. असाधारण रजेचाही मार्ग आहे, बिनपगारी. मात्र रजेवर असताना दुसरीकडे मानधन घ्यायचं असेल तर आधी लेखी मंजुरी लागते. परस्पर जाऊन बसलात आणि कुणी तक्रार केली, तर बदनामी तुमच्याबरोबर संस्थेच्याही पदरात पडेल.

मग राजीनामा कधी द्यायला मी हो म्हणेन? पत्नीच्या शाळेला पुढचा टप्पा मिळाला, किंवा त्यांनी स्वतः वेगळी वाट निवडली. तुम्ही पावसाळा आणि ओस पडलेला हिवाळा दोन्ही पाहिलेत आणि तरीही जावंसं वाटतंय. संस्थेने दोन वर्षांपलीकडचं काहीतरी, निदान प्रामाणिक उत्तर तरी दिलं. आणि बदलीचा अर्ज फेटाळला गेला, किंवा बदली होऊन तिथे बसलात आणि आतून काहीच हलवता येत नाही असं अनुभवाने कळलं. हे सगळं एकदम जुळायलाच हवं असंही नाही. पहिली गोष्ट मात्र मी सोडणार नाही. तेव्हा आप्पा काही म्हणोत, मी तुमच्या बाजूने असेन.

बदल्या साधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल-मे मध्ये होतात. विनंती अर्ज त्याच्या बराच आधी पोहोचलेला हवा, आणि अर्जात ‘कौटुंबिक कारणास्तव’ असं ठरीव वाक्य न लिहिता खरं कारण लिहा: अक्राणी तालुक्यात काम करण्याची इच्छा आहे, पावरी शिकत आहे, वनहक्क नियमांची माहिती आहे. असा अर्ज अधिकाऱ्यांच्या टेबलावर फारसा येत नाही. पोच घ्यायला विसरू नका.

तुमची,
ताई